सहाबारीला सहाच घरं का? नऊबारी, वीसबारी आणि 'काहीही घाला' रिव्हॉल्व्हरांचा धागा

फिरकीबहाद्दर

'सहाबारी' हा शब्द आपण इतक्या सवयीने वापरतो, की हाताला पाच बोटं तशी रिव्हॉल्व्हरला सहा घरं हे जणू निसर्गानेच ठरवून दिलंय. (सिलिंडरमधल्या, म्हणजे काडतुसं ठेवायच्या फिरत्या भागातल्या, चेंबरांना मी या धाग्यात 'घरं' म्हणणार आहे. बटणाला असतं तसं घर.) पण गेली पावणेदोनशे वर्षं दोन प्रकारची हट्टी माणसं या सहाशी भांडत आली आहेत. एकांचं म्हणणं, 'अजून बार पाहिजेत.' दुसऱ्यांचं म्हणणं, 'हाताला लागेल ते काडतूस चाललं पाहिजे.' दोघांचेही पराक्रम मजेदार आहेत आणि दोघांचंही घोडं साधारण ठरलेल्या जागीच अडतं. त्या जागा शोधायच्या म्हणून हा धागा.

आधी सहाची बाजू. एकाच मापाची सात नाणी घ्या. एक मधे ठेवा, बाकीची भोवती लावा. बरोबर सहा बसतात, फट राहत नाही. मधल्या नाण्याच्या जागी सिलिंडरचा आस. म्हणजे सहा घरं केली की मधे घराएवढीच जागा उरते आणि ती आसाला पुरते. फुकट काही जात नाही. सॅम्युअल कोल्टने १८३६ साली पेटंट घेतलं तेव्हाचं त्याचं पॅटरसन पाचबारी होतं, १८४७ चं वॉकर सहाबारी झालं आणि तिथून पुढे आकडा रुळला.

आता हट्टी मंडळी. पहिला मान डॉक्टरांचा. जाँ अलेक्झांद्र ले मॅट हे न्यू ऑर्लिन्सचे फ्रेंच डॉक्टर. त्यांनी १८५६ मध्ये पेटंट घेतलेल्या रिव्हॉल्व्हरला .४४ ची (म्हणजे साधारण ०.४४ इंच जाड गोळीची) नऊ घरं, आणि सिलिंडर ज्या आसावर फिरतो तो आस म्हणजेच छर्ऱ्यांची एक जाड, गुळगुळीत नळी! घोड्याच्या (चाप ओढल्यावर आपटून बार पेटवणाऱ्या भागाच्या) टोकाला एक हलणारा तुकडा. तो वर ठेवला तर घोडा नऊ घरांपैकी समोरच्या घरावर पडतो, खाली वळवला तर मधल्या नळीवर. नऊ गोळ्या आणि वर छर्ऱ्यांचा एक बार. अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने ती वापरली. जनरल बोरेगार्डचा या उद्योगाला पाठिंबा होता आणि घोडदळाच्या जेब स्टुअर्टकडेही एक होतं. एकूण तीन हजारांच्या आतबाहेरच बनली.

दुसरा प्रकार फ्रान्स-बेल्जियमचा. तिथे पिनफायर काडतुसं चालत. काडतुसाच्या बुडाजवळून एक बारीक पिन बाहेर डोकावते आणि घोडा त्या पिनेवर पडतो. युजीन लफोशोच्या १८५४ च्या रिव्हॉल्व्हरने हा प्रकार लष्करात नेला, फ्रेंच नौदलाने १८५८ चं मॉडेल स्वीकारलं. या सरळमार्गी घराण्यात पुढे वात्रट पोरं निपजली. सिलिंडरमधे घरांच्या दोन ओळी, एक बाहेरची, एक आतली, आणि नळ्याही दोन, एकावर एक. वीस वीस बार! दिवाणखान्यात दाखवायला उत्तम. कमरेला लावून चालायचं म्हटलं तर माणूस एका बाजूला झुकेल.

तिसरा सगळ्यात धाडसी. जॉन वॉल्श, पेटंट १८५९. घरं सहाच, पण प्रत्येक घरात दोन बार, एकामागे एक ठासलेले. पुढच्या बाराची आग लांबच्या वाटेने पुढे न्यायची, मागच्याची मागेच. घोडे दोन. आधी पुढचा बार गेला पाहिजे, मग मागचा. क्रम चुकला किंवा मधली गोळी घट्ट बसली नसली तर काय होईल, हे ठासणीची बंदूक माहीत असलेल्यांना सांगायला नको.

काडतुसांच्या सरमिसळीचा भाग दुसऱ्या प्रतिसादात टाकतो. हात दुखला.

मितभाषी

वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

जुनापुराणा
*एक दुरुस्ती*

लेख झकास, पण ले मॅटची घरं .४४ ची नव्हती, .४२ ची होती. किरकोळ चूक समजू नका, त्या हत्याराची अर्धी कर्मकथा या दोन शतांशात आहे. त्या वेळी सैन्यात रिव्हॉल्व्हरच्या गोळ्या मुख्यतः .३६ आणि .४४ या दोनच मापांत मिळत. ले मॅटवाल्या अधिकाऱ्याला .४२ ची गोळी कोण देणार? आपला साचा आपण बाळगायचा, शिसं वितळवायचं, गोळ्या ओतायच्या. त्यात हत्यारं बनत होती युरोपात, पॅरिस आणि बर्मिंगहॅमला, आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखलेली. काही नग नंतर .३६ चे निघाले. मधली नळी साधारण २० गेजची (गेज हे छर्रेबंदुकीच्या नळीचं माप).

वॉल्शबद्दल सहमत. त्याचंच लहान भावंड .३१ चं होतं, पाच घरांत दहा बार.

आणि अजून एक हत्यार राहिलं. कोक्रनचं 'बुरूज' रिव्हॉल्व्हर, १८३७ च्या सुमाराचं. त्यात सिलिंडर आडवा, भाकरीसारखा, आणि घरं चाकाच्या आऱ्यांसारखी चहूबाजूंना तोंड करून. घरं वाढवायला जागाच जागा. फक्त एक घर कायम नळीकडे आणि एखादं नेमबाजाच्या छातीकडे. काळ्या दारूच्या हत्यारात एका घराची ठिणगी शेजारच्या घरात जाणं ही रोजची भीती होती. कोल्टसारख्या सिलिंडरमधे तसं झालं तर निदान सगळ्या गोळ्या पुढे जातात.

फिरकीबहाद्दर
*@जुनापुराणा*

.४२ मान्य, चूक माझी. लिहिताना पॅटरसनच्या पुढे वॉकर डोक्यात होतं, तिथून .४४ घसरत आलं. मूळ लेखात बदल करत नाही, नाहीतर तुमचा प्रतिसाद अधांतरी लटकेल.

गणिताची वही
*नाण्यांचा हिशेब पुढे नेऊ*

शेजारशेजारच्या दोन घरांच्या केंद्रांमधलं अंतर १२ मिमी धरू. .३५७ मॅग्नमच्या काडतुसाची बुडाची कड ११.२ मिमी असते, म्हणजे कडांमधे जेमतेम फट राहते. घरं ज्या वर्तुळावर बसतात त्याचा व्यास म्हणजे १२ भागिले १८०/न अंशांची साइन (न म्हणजे घरांची संख्या). सहा घरांना २४ मिमी, सातला २७.७, आठला ३१.४, नऊला ३५.१, दहाला ३८.८, बाराला ४६.४ आणि वीसला ७६.७. यात दोन्ही बाजूंच्या अर्ध्या घराचे आणि बाहेरच्या भिंतीचे मिळून १२ मिमी मिळवले की सिलिंडरचा बाहेरचा व्यास येतो. सहाला ३६, सातला सुमारे ४०, आठला ४३.४, बाराला ५८, वीसला ८९.

आता गंमत बघा. स्मिथ अँड वेसन कंपनी रिव्हॉल्व्हरच्या सांगाड्याच्या मापांना के, एल, एन 'चौकट' म्हणते. सहा घरांची के चौकट, तिचा सिलिंडर सुमारे ३७ मिमी. सात घरांची एल चौकट, सुमारे ४०. आठ घरांचं मॉडेल ६२७ एन चौकटीवर, सुमारे ४३.४. (शेवटचे १२ मिमी मी थोडे उत्तर बघून बसवलेत, कबूल. पण तिन्ही ठिकाणी एकच आकडा चालतो हे खरं.)

.२२ लाँग रायफलची कड ७.१ मिमी. अंतर ७.७ धरलं तर दहा घरांचं वर्तुळ २५ मिमीचं होतं, म्हणजे .३५७ च्या सहा घरांएवढंच. म्हणून तर .२२ चं मॉडेल ६१७ त्याच के चौकटीत दहाबारी होतं. .२२ ची नऊबारी तर ढिगाने निघाली, हाय स्टँडर्डची सेंटिनेल, हॅरिंग्टन अँड रिचर्डसनची ९९९. बाजारात 'दहाबारी!' म्हणून मिरवणारं रिव्हॉल्व्हर ही कारागिरीची कमाल नसते, काडतूस बारीक असतं इतकंच.

आणि ले मॅट! नऊ घरं केली की मधली जागा वाढते. सहामधे मधे एक घर मावतं, नऊमधे मधल्या जागेचा व्यास जवळजवळ दोन घरांएवढा होतो. .४२ ची नऊ घरं सुटसुटीत मांडली तर मधे दोन-सव्वादोन सेंटिमीटर मोकळे राहतात. २० गेजची नळी आतून १५.६ मिमी. भिंतींसकट बसते! डॉक्टरांना आधी नऊ घरं सुचली आणि मग मधलं भोकाड डोळ्यांत खुपलं, की उलट, ते तेच जाणोत. पण नऊ घरांच्या सिलिंडरमधे जी जागा इतर कोणी लोखंडाने भरली असती तिथे त्यांनी बंदूक बसवली. दोन ओळींच्या पिनफायरवाल्यांनी त्याच भोकाडात दुसरी ओळ बसवली. रोग एक, औषधं दोन.

निळी शाई

हा प्रतिसाद वाचून मी खरंच नाणी मांडून बघितली. सहा बसतात!! बहाद्दर, पुढचा भाग लवकर टाका.

कातारी
*सुताराचं मन लाकडात, आमचं लोखंडात*

वहीताईंनी (की दादा?) व्यास काढला, मी फिरवण्याचा हिशेब सांगतो. आयुष्य मशीनवर गेलं, गिअर कापण्यात. बंदुकीला हात लावलेला नाही, पण थांबत-थांबत फिरणारं चाक म्हणजे आमचंच दुखणं.

भरीव चाकाला फिरवायला आणि थांबवायला लागणारा जोर व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, लांबी तीच ठेवली तर. ३६ मिमीचा सिलिंडर ४३.४ चा केला की हा आकडा दुप्पट होतो. घरांची भोकं वजा केल्यावर थोडा फरक पडेल, पण अंदाज तोच. ८९ मिमीच्या वीसबारीत तो सदतीस पट! बोट चाप ओढतं, तेवढ्याच बळावर हा गोळा फिरतो आणि बारक्या बोल्टने (खिट्टीने) खाचेत अडून जागच्या जागी उभा राहायचा. घाईत चाप ओढणाऱ्याच्या हातात खाचेच्या कडा आधी झिजणार. मग घर नळीसमोर केसभर अलीकडे-पलीकडे थांबू लागतं आणि गोळी नळीत शिरताना कड खरवडते.

आता खाचेची जागा. बोल्ट सहसा खालून येतो, नळी वर. घरं सम असली की वरच्या घराच्या बरोबर समोर, म्हणजे खाली, दुसरं घर येतं. खाच त्याच घराच्या सगळ्यात पातळ भिंतीवर पडते. घरं विषम असली, पाच, सात, नऊ, तर खाली दोन घरांच्या मधला जाड भाग येतो आणि खाच तिथे बसते. पाचबारी लहान असूनही दणकट दाबाची काडतुसं सोसते त्यामागे हेही कारण आहे. सहाबारीत शहाणे कारखानदार बोल्ट थोडा बाजूला सरकवून खाच पातळ जागेवरून हलवतात.

मग सगळ्यांनी सात किंवा नऊच का नाही केली? आमच्या डिव्हायडिंग हेडला विचारा. (चाकाचे सारखे भाग पाडायचं साधन, हँडलच्या चाळीस फेऱ्यांना चाकाची एक चक्कर.) आठ भाग पाडायचे तर हँडलचे पाच फेरे पूर्ण, पोरगंही करेल. सात पाडायचे तर पाच पूर्णांक पाच सप्तमांश फेरे. नवशिक्या हमखास एक भोक चुकतो. तेव्हाच्या कारागिरांनी सातबारीला शिव्या घातल्या असणार याची मला खात्री आहे.

शंकेखोर

सगळं मान्य. पण मुळात कशासाठी? ब्राउनिंग हाय-पॉवर पिस्तूल १९३५ साली आलं, मुठीतल्या मॅगझिनमधे १३ गोळ्या, अंगाने सडपातळ. तुमची बाराबारी म्हणजे बैलगाडीला सहा चाकं.

फिरकीबहाद्दर
*@शंकेखोर आणि भाग दोन*

१९३५ नंतर मुद्दा बरोबर आहे. पण ले मॅट त्याच्या ऐंशी वर्षं आधीचा. आणि मॅगझिनवाल्या पिस्तुलाला स्वतःचं काडतूस स्वतः ढकलावं लागतं. काडतूस जरा कमी जोराचं निघालं की ते अडतं. रिव्हॉल्व्हर हाताच्या जोराने फिरतं, काडतुसाच्या मर्जीवर नाही. दुसऱ्या हट्टी मंडळींनी नेमकं हेच हेरलं.

काडतूस घरात किती आत जाऊन थांबावं हे कशावरून ठरतं, इथे सगळी गोम आहे. रिव्हॉल्व्हरच्या जुन्या काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कड असते. कड घराच्या तोंडावर टेकते, काडतूस थांबतं. पुढे किती लांब आहे याला महत्त्व उरत नाही. म्हणून .३५७ मॅग्नमच्या रिव्हॉल्व्हरमधे .३८ स्पेशल बिनबोभाट चालतं. जाडी तीच, लांबी थोडी कमी. १९३५ च्या सुमारास मॅग्नम काढताना कवच मुद्दाम तीन-साडेतीन मिमी लांब ठेवलं, कारण उलटा प्रकार घडायला नको होता. .३८ स्पेशलचा दाब १७,००० पौंड प्रति चौरस इंचांपर्यंत, .३५७ चा ३५,०००. हाच जिना .४६० स्मिथ अँड वेसन मॅग्नममधे तीन पायऱ्यांचा आहे, त्यात .४५४ कॅसल आणि .४५ कोल्ट दोन्ही चालतात. .३२७ फेडरलमधे .३२ ची जुनी पिढ्यान् पिढ्यांची काडतुसं चालतात. याला मी सरमिसळ म्हणत नाही. एकाच घरातली भावंडं आहेत.

खरी सरमिसळ म्हणजे पिस्तुलाचं बिनकडेचं काडतूस रिव्हॉल्व्हरमधे घालणं. ९ मिमी पॅराबेलमला बाहेर आलेली कडच नाही, खोबणी आहे. ते पुढच्या तोंडावर टेकून थांबतं. आणि बाहेर काढायला एक्स्ट्रॅक्टरला पकडायला काही नाही.

पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्याला .४५ एसीपी या बिनकडेच्या काडतुसाची पिस्तुलं कमी पडली, तेव्हा कोल्ट आणि स्मिथ अँड वेसनने त्याच काडतुसाचं एम१९१७ रिव्हॉल्व्हर दिलं. उपाय अर्धचंद्राच्या आकाराच्या पातळ पत्र्याच्या पट्टीचा. एका पट्टीत तीन काडतुसं अडकवायची, दोन पट्ट्या घालायच्या. पट्टीच कडेचं काम करते. कोल्टच्या सुरुवातीच्या नगांत घराला आत टेकायला पायरीच नव्हती. पट्टी नसली तर काडतूस खोल सरकून जाई आणि घोड्याची पिन पोचतच नसे.

दुसरा उपाय सरळ: दोन सिलिंडर ठेवा. रुगरची ब्लॅकहॉक .३५७ आणि ९ मिमीच्या जोडीने किंवा .४५ कोल्ट आणि .४५ एसीपीच्या जोडीने मिळते, सिंगल-सिक्स .२२ च्या दोन जातींत. फ्रेंच मान्युरॅं एमआर७३ आणि जर्मन कोर्थलाही ९ मिमीचा जादा सिलिंडर असे. कंटाळवाणा उपाय, म्हणून चालणारा. एक अट, नळी दोघांना चालली पाहिजे. ९ मिमीची गोळी ९.०१ मिमी, .३५७ ची ९.०७. तेवढं नळी सांभाळून घेते.

तिसरा उपाय स्मिथ अँड वेसनचं १९८० च्या दशकातलं मॉडेल ५४७. पट्टीशिवाय ९ मिमी. एक्स्ट्रॅक्टरला बारीक बोटं, ती खोबणीत शिरतात. ९ मिमीचं कवच थोडं निमुळतं असल्यामुळे बार झाल्यावर पाचरीसारखं मागे सरकून सिलिंडर अडवायचं. म्हणून फायरिंग पिनच्या वर दुसरी एक पिन ठेवली, ती कवचाला मागे येऊ देत नाही. मला हे हत्यार फार आवडतं. विकलं गेलं नाही फारसं.

आणि चौथा, ज्याच्यासाठी मी हा भाग लिहायला घेतला, तो मेड्युसा. टेक्सासच्या फिलिप्स अँड रॉजर्सने १९९० च्या दशकात काढलेलं मॉडेल ४७. दावा असा, की ९ मिमीच्या आसपासच्या गोळीची पंचवीसेक जातींची काडतुसं एकाच सिलिंडरमधे चालतील. .३८० एसीपी, ९ मिमी पॅराबेलम, .३८ सुपर, .३८ स्पेशल, .३५७ मॅग्नम. सहा घरांत सहा वेगळी घातली तरी चालावीत. प्रत्येक घरापाशी स्प्रिंगचं बोट. कड असेल तर कड, खोबणी असेल तर खोबणी धरून ते काडतुसाला मागे टेकवून ठेवतं. म्हणजे काडतूस पुढे कुठे थांबतं हा प्रश्नच त्यांनी निकालात काढला, मागूनच धरून ठेवलं. ती बोटं वळवळताना बघितली की नाव पटतं, ग्रीक पुराणातल्या मेड्युसाच्या डोक्यावर केसांऐवजी साप होते.

अडतं कुठे? ९ मिमीचं कवच बुडाशी ९.९३ मिमी, .३५७ चं ९.६३. जाड पाहुण्याला घर सैल केलं की बारीक पाहुण्याचं कवच बार होताना फुगतं. आणि नेम. जड, सावकाश गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत नळी वर उचललेली असते, हलकी वेगवान गोळी त्याआधीच निघून जाते. सहा घरांत सहा जातींची काडतुसं घातली तर कागदावर सहा वेगळ्या उंचीवर भोकं. नेम एका काडतुसाला लावायचा आणि बाकी पाच देवाच्या भरवशावर.

निळी शाई
*मूलभूत शंका*

हसू नका. .३८ स्पेशलची गोळी .३५७ ची कशी? मग .३८ कुठे गेले?

जुनापुराणा
*@निळी शाई*

हसायचं काय, अनेक जाणकारांना हे नीट सांगता येत नाही. .३८ हा आकडा कवचाचा आहे, गोळीचा नाही. ठासणीच्या .३६ रिव्हॉल्व्हरमधे खरी गोळी .३७५ इंचांच्या आसपासची असे. (इथेही नाव एक, माप दुसरं!) ती रिव्हॉल्व्हरं पुढे काडतुसांसाठी बदलली तेव्हा गोळी बाहेरून कवचाएवढीच जाड ठेवली आणि तिची टाच बारीक करून कवचात खोचली. .२२ मधे आजही असंच असतं. नंतर गोळी पूर्ण कवचाच्या आत घ्यायचं ठरलं, म्हणजे गोळीला लावलेली चरबी बाहेर राहून धूळ चिकटायला नको. आत घ्यायची तर कवचाच्या भिंतीएवढी बारीक करायला हवी. गोळी .३५७ वर आली, पाटीवर .३८ च राहिलं. १९३५ मधे नवं नाव द्यायची वेळ आली तेव्हा मात्र खरा आकडा लिहिला.

शंकेखोर

आणि ते छर्ऱ्यांचं काडतूस चालणारं आधुनिक रिव्हॉल्व्हर? टॉरसचं जज. ले मॅटचा पणतू म्हणायचं का त्याला?

जुनापुराणा

नातं लावू नका, ले मॅटला वाईट वाटेल. तिथे दोन कामांना दोन नळ्या होत्या. जजमधे एकच नळी आणि दोन्ही कामं अर्धवट.

.४५ कोल्ट हे १८७३ चं काडतूस आणि .४१० चं छर्ऱ्यांचं काडतूस, यांच्या कवचांची जाडी योगायोगाने जवळजवळ सारखी. मग एकाच लांब घरात दोन्ही बसतात. टेनेसीतल्या थंडर फाइव्हने हे १९९० च्या दशकात केलं, टॉरसने २००६ च्या सुमारास गाजवलं, स्मिथ अँड वेसनच्या २०११ च्या गव्हर्नरने त्यात पट्टीसकट .४५ एसीपीही घुसवलं. .४१० अडीच किंवा तीन इंची, .४५ कोल्ट जेमतेम १.६ इंच. आखूड काडतुसाची गोळी नळीच्या आट्यांना (गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या पेचदार खाचांना) भेटण्याआधी इंचभर मोकळी धावते. नेम बिघडायला ती एवढी धाव पुरते. उलट छर्ऱ्यांना आटे नकोच असतात. आट्यांनी छर्रे गरगर फिरतात आणि बाहेर पडताच कडेला फेकले जातात, मधे भोक राहतं, मेदूवड्यासारखं.

मग आटे ठेवलेच का? अमेरिकेतला १९३४ चा कायदा. बिनआट्यांच्या आखूड छर्रेबंदुकीवर नोंदणी आणि कराची भानगड. आटे आहेत आणि .४५ कोल्ट चालतं, म्हणून हे कागदोपत्री साधं पिस्तूल ठरतं. आट्यांचं पहिलं काम वकिलाचं आहे.

कातारी
*डार्डिक कसं विसरलात?*

वरच्या दोन्ही हट्टांचं एकत्र उत्तर डेव्हिड डार्डिकने १९५० च्या दशकात दिलं होतं आणि ते मला या सगळ्यांत सर्वात हुशार वाटतं. घर गोल असलंच पाहिजे हेच त्याने नाकारलं. त्याच्या सिलिंडरला भोकं नाहीत, बाहेरून उघडे तीन खाचे आहेत, तीन पाकळ्यांच्या चांदणीसारखे. काडतूस तिकोनी, फुगीर बाजूंचं, प्लास्टिकच्या कवचाचं. मॅगझिन मुठीत. चाप ओढला की खाचा मुठीतून काडतूस उचलतो, वर नळीसमोर नेतो. तिथे चौकटीची पट्टी वरून झाकण घालते आणि घर पूर्ण होतं. बार झाला की पुढच्या फेऱ्यात कवच बाजूने बाहेर. मॉडेल ११०० मधे अकरा, १५०० मधे पंधरा. वहीताईंचा व्यासाचा हिशेब इथे लागूच होत नाही, कारण घरं तीनच! नळी बदलून .३८ चं .२२ करता येई, आणि नेहमीची गोल काडतुसं तिकोनी खोळीत घालून वापरायची सोयही होती.

चालत होतं. बुडालं ते दिसण्यामुळे, किमतीमुळे आणि त्या तिकोनी काडतुसामुळे, जे दुसरं कोणीच बनवत नव्हतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला कारखाना बंद. ले मॅटचं .४२ आठवा.

गणिताची वही

(ताईच.) खरंय, माझा हिशेब तिथे बाद. साखळीवाल्यांनीही तो चुकवला होता. जोसलिनच्या १८६६ च्या पेटंटात सिलिंडरऐवजी घरांची लोंबती साखळी, .२२ ची वीस घरं. व्यास वाढत नाही, पण चालताना साखळी कशाकशात अडकत असेल!

शंकेखोर

शेवटची शंका, नक्की. रिव्हॉल्व्हरमधे सिलिंडर आणि नळी यांच्यामधे फट असते, तिथून वायू निसटतो. ती बुजवायचा हट्ट कुणीच केला नाही?

फिरकीबहाद्दर

केला ना, आणि तोही सातबारीत. १८९५ चं नागान, बेल्जियन लिओन नागानचं, रशियाच्या तुला कारखान्यात ढिगाने बनलेलं. घोडा मागे जाताना सिलिंडर पुढे सरकून नळीला भिडतो. गोळी कवचाच्या पूर्ण आत बुडालेली असते आणि कवचाचं तोंड नळीत शिरून फट बुजवतं. म्हणून ज्याला आवाज दाबायची नळी खऱ्या अर्थाने लागू पडते असं रिव्हॉल्व्हर हे, आणि सोव्हिएत काळात तशी वापरलीही गेली. किंमत बोटाने मोजायची. फिरवा, पुढे ढकला, घोडा उचला, सगळं एका चापावर, त्यामुळे चाप भलताच जड. शिवाय रिकामी कवचं एकेक करून काडीने ढकलायची.

कातारी

चाप जड होणारच. एका बोटावर तीन मजूर कामाला लावले.

शंकेखोर

आणि बोटाला सुट्टी देणारं? (ही मोजू नका.)

जुनापुराणा

वेब्ली-फॉस्बेरी. जॉर्ज फॉस्बेरी, १८६३ च्या अंबेला मोहिमेतला व्हिक्टोरिया क्रॉसवाला. सिलिंडरवर नागमोडी खाचा, वरचा अर्धा भाग झटक्याने मागे सरकतो, खालच्या भागातली खुंटी खाचेतून धावते आणि सिलिंडर आपोआप फिरतो, घोडाही चढतो. .४५५ चं सहाबारी, .३८ चं आठबारी. हात सैल धरला तर अर्धवट फिरून अडतं. खाचेत चिखल गेला की संपलं.

पण आकड्यांचा धागा आहे, तर सगळ्यात लहान आकडा मी टाकतो. नॉर्वेच्या हाल्व्हार्ड लांडस्टाडने १९०० च्या सुमारास दोन घरांचं रिव्हॉल्व्हर केलं होतं.

शंकेखोर

दोन? मग ते फिरतं कशाला?

जुनापुराणा

मुठीत सहा काडतुसांचं मॅगझिन. सिलिंडर चपटा, एक घर वर नळीसमोर, एक खाली मॅगझिनसमोर. काडतूस खालच्या घरात भरलं जातं. चाप ओढला की सिलिंडर अर्धा फिरतो, भरलेलं घर वर येतं आणि लगेच बार. रिकामं कवच झटक्याने मागे फेकलं जातं. चाप ओढेपर्यंत नळीसमोरचं घर कायम रिकामं, म्हणजे पडलं, आपटलं तरी बार होणार नाही, हा त्याचा हेतू. नॉर्वेच्या सैन्याने घेतलं नाही.

मितभाषी

दोनबारी. आवडलं.

कातारी

आणि डिव्हायडिंग हेडचे वीस फेरे पूर्ण. पोरगंही करेल.